यंत्रावरची हाय

३ मार्च
आज नव्या कामावर रुजू झाले आणि घर पाहताच जीव खूश झाला. राहायला वरची उजेडाची खोली, खिडकीतून थेट फाटक दिसतं. काम एकच: आठ वर्षांच्या चिमणीची साखर मोजायची आणि इन्सुलिन द्यायचं. तिला टाइप वन मधुमेह. मलाही तिच्याच वयापासून आहे. आधी स्वतःचं बोट टोचून दाखवलं, तर म्हणते कशी, मावशी, तुझं रक्त माझ्यापेक्षा लाल आहे!

घर आत्याबाई चालवतात, चिमणीच्या बाबांच्या थोरल्या बहीण. बाबा कामानिमित्त परगावी. आई वर्षापूर्वी गेली. तिलाही हाच आजार. आत्याबाई म्हणाल्या, हट्टी होती, इंजेक्शनं सोडली आणि हातानं मरण ओढवून घेतलं.

७ मार्च
चिमणीचे आकडे ताळ्यावर येताहेत. जेवणाआधी एकशे दहा, नंतर एकशे साठ. परीक्षेत मार्क मिळाल्यासारखी मिरवते.

आज चेष्टेत तिनं आत्याबाईंचंही बोट टोचलं. त्यांना मधुमेह नाही. आकडा तीनशे चाळीस. बोटाला काही गोड लागलं असेल म्हणून हात धुवायला लावून पुन्हा मोजलं. तीनशे नव्वद. मी हसण्यावारी नेलं. चिमणी मात्र हसली नाही.

१० मार्च
आत्याबाई पेल्यामागून पेले पाणी पितात, तहान भागत नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांच्या यंत्रावर साखर पंचाण्णव, लॅबमध्येही तेवढीच. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरात पाऊल टाकलं आणि पुन्हा मोजली. आकडाच नाही. नुसतं 'हाय', म्हणजे यंत्राला मोजता येणार नाही इतकी जास्त. चिमणी शांतपणे म्हणाली, आईची हाय आहे ती.

१२ मार्च
चिमणीनं सगळं सांगितलं. आत्यानंच आईचं इन्सुलिन कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. सुया म्हणजे नुसती थेरं, म्हणे. आई बंद दाराआडून पाणी मागत होती. आईनं बाबांना फोन केला, तर बाबा म्हणाले, ताई सांगते तसं कर.

आत्याबाईंना विचारलं. नाही म्हणाल्या नाहीत. फक्त पाणी मागितलं.

तळतळाट लागेल नाहीतर काय! पण वैर चिमणीच्या आईचं, रोगी माझा. माझ्या पेनातलं इन्सुलिन त्यांना टोचलं.

मागे कुणीतरी करकरा दात खाल्ले. चिमणी शाळेत होती.

१३ मार्च
दारं उघडत नाहीत. फक्त चिमणीला उघडतात, तिच्यामागे मिटतात. फोन कानाला लावला की नुसत्या धापा. फ्रीजमधली माझी पेनं रिकामी. चिमणीची भरलेली आहेत, पण मी हात लावला की सुई वाकते. चिमणी स्वतःचं स्वतः टोचून घेते; आम्हाला टोच म्हटलं, तर म्हणाली, आई नको म्हणते.

आत्याबाईंच्या श्वासाला सडक्या फळांचा वास, इन्सुलिन न मिळालेल्या रोग्याला येतो तसा.

१४ मार्च
आत्याबाई गेल्या. शेवटपर्यंत पाणी, पाणी —

वाटलं, फिटलं त्या आईचं वैर. चिमणी म्हणाली, अजून बाबा राहिलेत. आईनं सांगितलं म्हणून शाळेतून फोन केलाय, येताहेत.

रिकाम्या खोलीत हात जोडले. म्हटलं, बाई गं, पोरीला बाप तरी ठेव. मध्ये पडले म्हणून मला काय करायचं ते कर.

माझी साखर साडेचारशे. जीभ टाळूला —

१५ मार्च
उलट्या. अक्षर नीट —

गाडी फाटकाशी थांबली. खिडकीच्या काचेवर थापा मारते, आत येऊ नका, येऊ नका — आवाजच फुटत नाही. चिमणी धावत बाबांकडे गेली. हात धरून त्यांना घराकडे आणतेय. हसतेय.

मग माझ्या डाव्या हाताचं बोट कुणी — टोचायच्या आधी चोळतात तसं, हळूच —