टक्क्यांच्या आड आलेली मुलगी

२ ऑक्टोबर

मुख्याध्यापक मुनजींचं आज पुन्हा निकालाच्या टक्क्यांवर प्रवचन. नवा माणूस, नवा सूट, आणि फाटकाजवळ नवा फलक — बॅक, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, पास झालेल्यांची नावं, सोनेरी अक्षरांत. नापासांचं नाव कुठेच नाही. जणू ती पोरं या गावात जन्मलीच नव्हती. दुपारपर्यंत सगळ्या अक्षरांवर खाणीतल्या फॉस्फेटची धूळ बसली. बरं वाटलं.

५ ऑक्टोबर

शेवटच्या वर्गाला माझा नेहमीचा पहिला तास — शाळा कशासाठी? तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात हा धडा नाही, म्हणूनच मी घेते. म्हटलं, शाळा ही चाळणी आहे. सगळ्यांना आत घेते ते शिकवायला नव्हे, निवडून वेगळं काढायला. दुसऱ्याने लावलेली किंमत आपलीच समजायची सवय लागली की शिक्षण पूर्ण झालं!

पोरांनी काय केलं? लिहून घेतलं. ‘चाळणी’खाली दोन रेघा. परीक्षेत आलं तर?

एकटीने पेन खाली ठेवलं. शेदलिया. "मादाम, चाळणीतून खाली पडतं ते पीठ असतं. वर राहतो तो कोंडा."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. कितीतरी वर्षांत या बाकांवरून मला कुणी उलट काही बोललं नव्हतं.

या मुलीला साहित्य शिकायचं होतं. तो वर्ग भरला म्हणून अर्थशास्त्रात ढकलली. आता गणितात वीसपैकी चार मिळतात, आणि स्टाफरूममध्ये तिचं नाव ‘ती चारवाली’.

१४ ऑक्टोबर

शेदलियाची जागा रिकामी. तिच्या शेजारची म्हणाली, "तिचं नाव पटावरून काढलं, मादाम."

मुनजींनी तिच्या बापाला बोलावून समजावलं — पोरीला शाळेतून काढा, बाहेरून परीक्षेला बसवा, म्हणजे तिच्या डोक्यावर ताण नको. बाप तय्यिब, गाफ्सा शहराला भाड्याची गाडी नेतो-आणतो. साहेबांनी खुर्ची दिली, कॉफी पाजली. सही करून गेला.

मी तडक ऑफिसात गेले.

"तिच्या भल्याचंच आहे, वसीलाबाई," मुनजी म्हणाले. "इथे रोज अपमान होतो तिचा."

"कोण करतं?"

"तिचे गुण करतात."

"आणि ती गेली की शाळेचे टक्के वाढतात, ते?"

"तेही वाढतात. त्यात वाईट काय? तुमच्या विषयात बोलून भागतं. मला वर आकडा दाखवावा लागतो."

या माणसाला स्वतःची लाजसुद्धा वाटत नाही. मला वाटते, त्याच्या वाटणीचीही.

१५ ऑक्टोबर

दिवसभर चीड. वर्गात विनाकारण खेकसले.

१९ ऑक्टोबर

शेदलियाच्या घरी गेले. तिच्या आईने मला न विचारता कुसकुसचं ताट पुढे ठेवलं, वर हरिसाचा, मिरचीच्या चटणीचा, लाल गोळा. तय्यिब समोर बसला. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"मादाम, रागावू नका. तुमचा भाऊ लझहर एम.ए. झालाय ना? तुमच्याच विषयात?"

"हो."

"माझ्या गाडीच्या थांब्यासमोर कॅफे आहे. रोज तिथे असतो तो. एक कॉफी घेऊन दिवस काढतो. पोरगा गुणी आहे, मला माहीत आहे. पण माझ्या मुलीला त्या खुर्चीपर्यंत पोचवायची एवढी घाई कशाला?"

मी थोडी वर्षं आधी पास झाले म्हणून मला नोकरी लागली. लझहरच्या वेळी दार बंद झालं होतं. दोघांत फरक एवढाच.

तेवढ्यात शेदलिया आली. बापाने तिला शिलाईच्या कारखान्यात लावलंय. केसांत दोऱ्याचे तुकडे.

"तुम्हीच म्हणालात ना, शाळा चाळणी आहे? मग मला परत तिच्यात घालायला का आलात?"

मी म्हटलं, आपण होऊन बाहेर पडणं वेगळं आणि कुणी बाहेर फेकणं वेगळं.

"कारखान्यात दोन्ही सारखंच, मादाम. सकाळी साताला हजर."

तिची आई ताटं उचलायला आत गेली. मग शेदलिया खाली बघून बोलली, "गणित सोडून बाकीचे तास मला आवडायचे. कुणी बोलत असलं की मला पुढचं सुचायचं. तिथे मशीनच्या आवाजात काहीच सुचत नाही."

रस्ताभर तेच डोक्यात. शाळेबद्दल मी इतकं वाईट बोलते. त्यातलं एक वाक्यही मागे घेणार नाही. पण या मुलीला सुचायला गावात दुसरी जागा तरी आहे का?

२० ऑक्टोबर

लझहरला सांगितलं. तो हसला. "तुझ्या शिव्या पगारी आहेत, वसीला. आमच्या फुकटच्या."

झोंबलं. मुद्दाम लिहून ठेवतेय.

६ डिसेंबर

सहामाहीचे गुण द्यायचा दिवस. मी दिले नाहीत. शेदलियाचं नाव पटावर परत येईपर्यंत माझ्या विषयाचा एकही गुण ऑफिसात जाणार नाही, असं मुनजींना तोंडावर सांगितलं.

"चौकशी लागेल."

"लावा."



११ डिसेंबर

फाटकावर पालक. मुनजींनीच बोलावलेले, दुसरं कोण! एक बाई माझ्या अंगावर धावून आली — "एका ढ पोरीसाठी आमची पोरं वेठीला धरता? तुम्हाला मूलबाळ नाही, तुम्हाला काय कळणार?"

गेल्या वर्षी आधीच्या मुख्याध्यापकांनी हिचा थोरला मुलगा असाच काढला होता. तेव्हा ही गप्प बसली. आज धाकटा वर्गात आहे, म्हणून आवाज फुटला. शाळेने हिलाही नीट शिकवून ठेवलंय.

तय्यिबही आला होता. सगळे गेल्यावर जवळ येऊन म्हणाला, "मादाम, सोडा आता. पोरीचं नाव गावभर झालं."

"तिला काय हवंय ते विचारलंत?"

तो गाडीकडे वळला.

१३ डिसेंबर

गणिताच्या हफसियाबाई — शेदलियाला चार देणाऱ्या त्याच! — स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझेही गुण मिळणार नाहीत. तिला गणित येत नाही हे खरं. पण ते शिकवायचा पगार मी घेते. ती गेली तर मी शिकवू कुणाला, ज्यांना आधीच येतं त्यांना?"

मी या बाईला इतकी वर्षं दगड समजत होते.

१८ डिसेंबर

मुनजी नमले. नाव काढल्याचा कागद खात्याकडे गेलाच नव्हता म्हणे. "येऊ दे तिला. पण निकाल घसरला तर तो तुमच्या नावावर."

तय्यिबच स्वतः सांगून गेला, सोमवारपासून पाठवतो. "तिला विचारलं मी," एवढंच म्हणाला.

८ जानेवारी

शेदलिया मागच्या बाकावर. पोरी तिच्याशी जपून बोलतात. शाळा सुटल्यावर हफसियाबाई तिला घेऊन बसतात, आणि दोघींचं भांडण बाहेर ऐकू येतं.

७ जुलै

शेदलिया पास! पहिल्या फेरीत नापास, फेरपरीक्षेत काठावर निघाली. तिची आई दारात येऊन माझ्या गळ्यात पडली.

दुपारी रेडिओवर मुनजी. "आमच्या शाळेत एकाही मुलाला मागे टाकलं जात नाही." मी रेडिओ बंद केला नाही. पूर्ण ऐकलं. इतकं सराईत खोटं रोज ऐकायला मिळत नाही.

२० जुलै

पुढे काय शिकायचं त्याचा अर्ज भरायला शेदलिया घरी आली होती. पहिली पसंती — तत्त्वज्ञान. "मादाम, मला हेच करायचंय." पलीकडच्या खोलीत लझहर होता. मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "खोड ते. हॉटेलचं काम शिकवतात, नोकरी लागते, ते लिही." तिने का ते विचारलं नाही. खोडलं.