अकरावा प्रश्न

शनिवार, १४ जून. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. लाँड्रीला द्यायच्या चादरी मोजून झाल्या, एकतीस भरल्या, आणि त्याच टेबलावर हे लिहायला बसलो आहे.

सौ. ताई,

नमस्कार. मी बरा आहे. आईबाबा ठीक आहेत. बाबांच्या चष्म्याची काडी मोडली होती, ती मी दोऱ्याने बांधून दिली.

आधी एक काम कर. मी तुझ्याकडे ठेवलेल्या तीन सुयांना हात लावू नकोस. डोकं कितीही दुखलं तरी नाही, एकसुद्धा नाही. कारण खाली लिहितो, पण पुढचं वाचायच्या आधी ऊठ, त्यांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेव आणि मगच बस.

सकाळी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तुझ्या सासूबाईंनी उचलला. "डोकं धरून पडलीये ती. काय काम आहे?" म्हणाल्या. मी म्हणालो, माझी एक वस्तू आहे तिच्याकडे, तिला म्हणावं हात लावू नकोस. "कसली वस्तू?" माझ्या तोंडून निघून गेलं, उशीचा अभ्रा. त्यावर त्यांनी फोन ठेवला. तेव्हा अभ्र्यावरून घरात काही बोलणं झालं असेल तर ते हे. सुयांचं आणि तुझं दुसरं जे काही असेल ते त्यांच्या कानावर घालायचा अधिकार माझा नाही, म्हणून पत्र. आमचा लाँड्रीवाला पाचला निघतो, सातपर्यंत तुमच्या गल्लीत पोचतो. तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे.

तुझं पत्र परवा मिळालं. मी ते सात वेळा वाचलं. तू लिहितेस, डोकं पुन्हा तसंच उठलंय, मागच्या वेळी तुझ्या हाताने उतरलं होतं, रविवारी तुझ्याकडे येते, तोवर थांबलं नाही तर मीच सुया लावून घेईन, जागा माहीत आहेत. आणि शेवटी, एक सांगायचंय पण ते भेटीत, यावेळी पाण्याची बादलीसुद्धा उचलत नाही मी.

बादलीचं ते वाक्य मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. उद्या रविवार आहे.

इथलं काम तुला मी कधी नीट सांगितलं नाही, बढाया मात्र मारल्या. आमच्या बाई चिनी पद्धतीने उपचार करतात, तिकडे सात वर्षं राहून शिकून आल्या आहेत. माणूस आला की त्या दुखऱ्या जागेला हातच लावत नाहीत. आधी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघतात, डोळे मिटून, एकेका हाताला चांगली दोन-तीन मिनिटं. मग जीभ बघतात. मग सोळा प्रश्न. झोप कशी, पहाटे कितीला जाग येते, तहान गार पाण्याची की कोमट, घाम कुठे येतो, राग येतो की रडू येतं. त्यांच्या मते शरीरात एक प्रवाह ठरलेल्या वाटांनी फिरत असतो. तो जिथे तुंबतो तिथे दुखतं, पण तुंबायचं कारण दुसरीकडेच असू शकतं. डोकं दुखतं म्हणून चार बायका आल्या तर चौघींना चार निरनिराळ्या ठिकाणी सुया लागतात. दुखणं वर दिसतं, मूळ खाली असतं, आणि ते विचारल्याशिवाय सापडत नाही. म्हणून सुई सगळ्यात शेवटी.

ते सोळा प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहून काढायचं काम माझं. नववीत शाळा सुटली तरी तू दहा-दहा वेळा गिरवून घेतलेलं शुद्धलेखन इथे कामी आलं. दर महिन्याला पन्नास कागद मी हाताने लिहितो. ते प्रश्न मला झोपेतही येतात.

(तीन वाजून पाच मिनिटे. मध्ये उठावं लागलं. एक निवृत्त कॅशियर आले होते. "अहो बाई, गुडघा माझा इथे खाली आहे आणि तुम्ही सुई कानात घालताय, पत्ता चुकला का?" बाई म्हणाल्या, "तुमच्या बँकेत पैसे एका खिडकीत भरून दुसऱ्या खिडकीतून काढता येत नव्हते का?" ते इतके हसले की सुया हलल्या. मी एरवी हसलो असतो.)

गेल्या सप्टेंबरात तू आठ दिवसांसाठी आली होतीस. मंगळवारी तुझं डोकं दुखत होतं. तू म्हणालीस, "काय रे गणित्या, दोन वर्षं झाली, तिथे नुसत्या चादरीच मोजतोस की काही शिकलास?" तू चेष्टेत म्हणालीस. मला ते लागलं. बाई गावाला गेल्या होत्या आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मी दहा सुयांचं एक पाकीट घेऊन आलो.

तुला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून मी बाईंच्या आवाजात प्रश्न विचारायला लागलो. तू "सांगते हं डॉक्टरसाहेब" म्हणत उत्तरं देत होतीस. मी दहावा प्रश्न विचारला आणि त्यानंतर बारावा.

अकरावा फक्त बायकांसाठी असतो. पाळी नियमित आहे का, शेवटची कधी आली, दिवस गेले आहेत का. तू माझी मोठी बहीण. आई भाकरी थापत होती. माझे कान तापले आणि मी पुढे गेलो. चुकून नाही गेलो, ताई. मला दिसत होता तो प्रश्न.

मग चार सुया लावल्या. दोन हातांवर, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात. दोन पायांवर, आतल्या बाजूने घोट्याच्या चार बोटं वर. बाईंकडे भिंतीवरच्या तक्त्यात या दोन्ही जागांना लाल ठिपका आहे. लाल ठिपका म्हणजे दिवस गेलेल्या बाईला इथे सुई लावायची नाही. तो ठिपका पुसट झाला होता तेव्हा पुन्हा लाल शाईने मीच भरला होता.

वीस मिनिटांत तुझं डोकं उतरलं. तू उठून माझा गाल ओढलास. त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही. उरलेल्या तीन सुया मी डब्यात घालून तुझ्या पिशवीत ठेवल्या, जागा पेनाने दाखवल्या.

शुक्रवारी तू लोखंडी कपाट सरकवलंस. शनिवारी तुला दवाखान्यात न्यावं लागलं.

तुला दिवस गेलेत हे तुला तेव्हा ठाऊक होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

त्यानंतर आई तुला जे बोलली ते सगळं मी ऐकलं आहे. "कपाट सरकवायला कोणी सांगितलं होतं? दोन माणसं लागतात त्याला." भावोजी नुसते कपाटाकडे बघत राहिले. तू माझ्याकडे बघितलंस, कारण मी नेहमी तुझी बाजू घेतो. आणि मी म्हणालो, "जडच आहे ते."

तेव्हापासून तू घरी आली नाहीस. आईला वाटतं तू तिच्यावर रुसली आहेस. मी तिला तसंच वाटू दिलं. नऊ महिने.

काल बाईंना सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी तारखा विचारल्या. मग म्हणाल्या, "सुईमुळेच गेलं असं मी म्हणणार नाही, कोणी म्हणू शकणार नाही. दुसऱ्या महिन्यात बऱ्याचदा आपोआपच जातं. त्यात कोणाचा हात नसतो, कपाटाचाही नसतो. पण न विचारता सुई लावलीस, तेवढं तुझं." आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली. कामावर ये म्हणाल्या, चादरी आणि कागद बघ, सुयांच्या कपाटाजवळ जायचं नाही.

मी विचारलं, आता तिला काय सांगू? त्या म्हणाल्या, अशा दिवसांत डोकं सारखं दुखत असेल तर ते अंगावर काढायचं नाही. उद्या रविवार असला तरी मोठ्या दवाखान्यात जाऊन रक्तदाब तपासून घे. बाईंकडे नंतर, आधी तिथे. तेव्हा ताई, उद्या इकडे येऊ नकोस. तू समोर बसून "लाव रे" म्हणालीस तर मला नाही म्हणता येतं की नाही याची मला अजून खात्री नाही.

साडेचार झाले. लाँड्रीवाला गाठोडी उचलतो आहे आणि "झालं का साहेब, कादंबरी लिहिताय का?" म्हणतो आहे.

माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते तू ठरवायचं आहेस आणि लगेच ठरवायची घाई नाही. सुया मात्र आज परत कर. लाँड्रीवाला दारात थांबेल. त्याच्या हाती डबा आला की मला कळेल तू वाचलंस. उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.

आणि नऊ महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते आता विचारतो, उत्तर मला नको, दवाखान्यातल्या डॉक्टरला दे. ताई, तुझी पाळी शेवटची कधी आली होती?

तुझा,
ज्याला तू लिहायला शिकवलंस तो

हिशोब:
पाकिटातल्या सुया दहा. माझ्या स्वतःच्या पायावर सरावाला तीन, तुला चार, तुझ्याकडे तीन. बेरीज जुळते.
पाकिटाचे एकशे ऐंशी. काल बाईंना दिले.
लाँड्रीवाल्याला जाऊन येऊन पन्नास. आत्ता दिले.
तुझ्याकडून येणे: सुया तीन.
माझ्याकडून देणे: कपाट जड नव्हतं, हे आईला सांगायचं आहे. आज सहाला घरी पोचल्यावर, चप्पल काढायच्या आधी.