लांबून ऐकू न येणारा ठोसा

बाबा, परवा लेकीने लॅपटॉपवर एक जपानी सिनेमा लावला. बंदराजवळच्या दोन टोळ्या, एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. सिनेमा काढणाऱ्यांकडे पैशाच्या नावाने ठणठणाट, त्यामुळे एका टोळीत मेलेला माणूस पुढच्या मारामारीत नुसती टोपी घालून दुसऱ्या टोळीत हजर. तुम्ही पोट धरून हसला असतात. ठोशांना तर आवाजच नव्हता, उशी झटकल्यासारखं थप्प, बस. लेक म्हणाली, "साउंड किती फालतू आहे ना, पप्पा?" मी म्हणालो, "खरा ठोसा असाच वाजतो." वाक्य तुमचं होतं, हे तिला सांगितलं नाही.

काशीगावच्या स्टुडिओत तुम्ही आयुष्यभर सिनेमांसाठी ठोसे वाजवलेत. सुट्टीत मी यायचो, तेव्हाचं अजून दिसतं. पडद्यावर हिरो हात उगारतोय आणि इकडे तुम्ही ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या कोबीवर बुक्की मारताय, हाड मोडायचं असेल तर शेवग्याची शेंग. मार खाल्लेला तो कोबी आई संध्याकाळी परतून वाढायची.

मी नववीत असताना आम्हा बिल्डिंगवाल्या पोरांची गोडदेव गावातल्या पोरांशी जुंपली. त्यांच्यातल्या, माझ्याच वर्गातल्या एकाच्या कानावर मागून बुक्की बसली आणि पडदा फाटला. कोणी मारलं ते त्याला कळलंच नाही. त्याची आई दारात येऊन रडली, "पोराला आयकू येत न्हाय वो." ती गेल्यावर तुम्ही मला समोर बसवलंत. मी म्हणालो, "मी लांब होतो. धाडकन आवाज आला म्हणून वळून पाहिलं." तुम्ही म्हणालात, "खरा ठोसा थप्प वाजतो रे. लांबून ऐकूच येत नाही." एवढंच. चपला घालून त्यांच्या घरी गेलात, आणि पुढे कित्येक महिने त्या मुलाला स्वतः कानाच्या डॉक्टरकडे नेत राहिलात. लोक तुम्हाला देवमाणूस म्हणायचे, आणि मीही त्यांच्यात सूर मिसळायचो. त्याची लाज वाटते.

बुक्की माझी होती, बाबा. तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, तरी तुम्ही जाईपर्यंत मला हे एक वाक्य जमलं नाही. तो आता भाईंदर पूर्वेला मोबाईल दुरुस्त करतो. मला मित्र समजतो, चहा मागवतो. मी न चुकता त्याच्या उजव्या बाजूला बसतो, कारण डावा कान गेला तो गेलाच. त्याला वाटतं, मी त्याची काळजी घेतो.