डाव्या कडेची इस्त्री

प्रिय बाबा,

उद्या सकाळी मला क्लबात जाऊन स्नूकरच्या टेबलाला पुन्हा इस्त्री करायची आहे, आणि आज दुपारी आईने मला एक गोष्ट सांगितली. म्हणून हे पत्र. नाहीतर मला दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो हे तुला माहीतच आहे! ‘प्रिय बाबा’ एवढं लिहून मी दहा मिनिटं नुसती बसले होते. छेडाकाका इथे असते तर मागून ओरडले असते, "अरे बेन, शॉट मार!"

हो, ते अजून ओरडतात. क्लबातल्या मागच्या बाकावरची जोडी तशीच आहे. प्रभूकाका, छेडाकाका आणि मधे वेफर्सचा पुडा. काही बिघडलं की प्रभूकाकांच्या मते दोष टेबलाचा, छेडाकाकांच्या मते खेळणाऱ्याचा. तू गेल्यावर थोडे दिवस दोघंही मुकाट मॅच बघायचे. मग एकदा प्रभूकाका म्हणाले, "टेबल जड झालंय," आणि छेडाकाका म्हणाले, "टेबल नाय, तू जड झालायस." मला इतकं बरं वाटलं!

तू गेलास आणि टेबलाला हात कोण लावणार असा प्रश्न आला. आपल्या मुलुंडात एवढी दमट हवा, दर मॅचआधी ब्रश आणि इस्त्री झालीच पाहिजे. कमिटीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी करीन. मला दुसरं काय येतं? बाकीची मुलं क्लबात येऊन स्नूकर शिकली. मी शिकले आपल्या जेवणाच्या टेबलावर, आईचं लाटणं क्यूसारखं धरून, समोर लिंबं मांडून. आई पोळ्या करायला खोळंबलेली, आणि तू मला म्हणतोयस, "सावकाश खेळ गो, बॉल खंय पळान जातत?"

तू दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून सांगितल्यास. टेबलाबद्दल जे बोलायचं ते पहिल्या शॉटच्या आधी, त्यानंतर टेबल दोघांचं, तक्रार नाही. आणि इस्त्री करताना कापडाची लव ज्या बाजूला झोपते त्याच बाजूला जायचं. जिथून ब्रेक करतात त्या टोकाकडून काळ्या बॉलकडे, एका दमात. मागे आणायची नाही, लव उलटते आणि हळू बॉल वाकतो.

पहिली गोष्ट मी तुझ्यासमोरच मोडली. आठवतं? कशाला विचारतेय, आठवत असणारच. गेल्या वर्षी मी तिसऱ्या फेरीत हरले आणि क्यू आपटून सगळ्यांसमोर म्हणाले, "या टेबलावर कोण जिंकणार? धड इस्त्रीसुद्धा केलेली नाही!" तू दारात उभा होतास, हातात दोन चहा. इस्त्री तूच केली होतीस. सगळा हॉल तुझ्याकडे बघायला लागला. तू माझा चहा खिडकीत ठेवलास आणि बाहेर गेलास. घरी येताना रिक्षात फक्त एवढंच विचारलंस, "बटाटे घ्यायचे होते ना?"

दोन महिन्यांनी तू गेलास. मी सॉरी म्हटलं नव्हतं. रोज ठरवायचे, आज म्हणू. सॉरी म्हणायलाही मला इतका वेळ लागावा?

आणि आज दुसरीही मोडली.

आज फायनल होती, कुणालशी. पाच फ्रेम्सची मॅच, तीन जिंकायच्या. कुणाल म्हणजे तोच उंच मुलगा, ज्याला तू ‘एक्स्प्रेस’ म्हणायचास. मी सकाळी लवकर जाऊन ब्रश मारला, इस्त्री तापवली, मुठीला तुझाच जुना पंचा गुंडाळलेला. सगळं नीट चाललं होतं. डाव्या कडेची पट्टी शेवटची. टोकाला पोचले आणि मनात आलं, मधे एक हातभर जागा सुटली तर नाही? गॅस बंद केलाय ना हे मी तीनदा जाऊन बघते, तसंच. आणि बाबा, मी इस्त्री मागे ओढली. हातभरच. लगेच थांबले. वरून ब्रश फिरवला, काही दिसेना. म्हटलं, गेलं असेल.

गेलं नव्हतं. दुसऱ्या फ्रेममध्ये माझा एक हळू सोडलेला बॉल त्या जागेवर आला आणि पॉकेटच्या तोंडाशी हलकेच वाकला. मला लगेच कळलं. इतर कुणाला कळणं शक्यच नव्हतं. तिथून पुढे मी त्या हातभर जागेवरून एकही हळू बॉल नेला नाही. दर शॉटला वळसा शोधत होते, आणि डोक्यात एकच, सांगू की नको? पहिला शॉट तर होऊन गेलाय. आता टेबल दोघांचं. पण दोघांचं कसं? मला ती जागा माहीत होती, त्याला नव्हती.

बाकावर जोरात सुरू होतं.

"टेबल खराब आहे रे. बघ, बॉल कसा दमून चाललाय."

"टेबल नाय, पोरगी दमवतेय. एका शॉटमध्ये माझी अख्खी सिरियल बघून होते."

"तिचा बाप इस्त्री करायचा तेव्हा हेच टेबल काचेसारखं होतं."

"आणि बाप खेळायचा कसा? त्याच्या मॅचला मी डबा घेऊन यायचो, यार!"

सगळे हसले. मीही हसले. दोघंही खरं बोलत होते. टेबल खराब होतं म्हणून मी हळू होते, आणि टेबल माझ्यामुळे खराब होतं.

कुणाल दोन-एक पुढे होता. चौथ्या फ्रेममध्ये त्याला डाव्या कडेला सोपा लाल बॉल आला. त्याने पहिल्यांदाच एक्स्प्रेस सोडून बॉल हळू सोडला. बॉल त्या जागेवर आला आणि वाकला. पॉकेटला घासून बाहेर आला. कुणालने टेबलाकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. बाबा, तो हाताकडे बघत होता!

माझी पाळी आली. समोर सगळे बॉल मोकळे. तू असतास तर म्हणाला असतास, ताट वाढलंय. मी वाकले, उठले, पुन्हा वाकले. "आता काय मुहूर्त काढतेयस?" छेडाकाका ओरडले. मी क्यू खाली ठेवला.

"सावंतसर, मॅच थांबवा," मी रेफरींना म्हटलं. "डाव्या कडेला माझी इस्त्री मागे आली होती. त्याचा बॉल त्याच्या चुकीने नाही, माझ्या चुकीने हुकला."

"तुला हे कधी कळलं?"

"दुसऱ्या फ्रेमला."

मागून प्रभूकाका म्हणाले, "मी सांगत होतो ना, टेबल!" आणि छेडाकाका, "गप बस रे. पोरीने सांगितलं म्हणून तुला कळलं."

सावंतसरांनी चौथी फ्रेम रद्द केली. दुपारपासून हॉल कॅरमवाल्यांचा, म्हणून उद्या दहाला पुढे खेळायचं. मी एक-दोनने मागे. त्याचं मला काही वाटलं नाही. पण मग ते म्हणाले, "इस्त्रीला आता बाहेरचा माणूस बोलावू. तुझ्याकडे नको." कप गेला तरी चालेल, पण ती मूठ? ती दुसऱ्याच्या हातात?

माझ्या आधी बोलला कुणाल. "सर, इस्त्री तीच करेल. मी समोर उभा राहीन. चुकली तर ती स्वतः सांगेल, हे आपण आत्ताच बघितलं ना? बाहेरचा कशाला सांगेल?" सावंतसर म्हणाले, "उद्याचा दिवस. मग बघू."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "ह्यांचंही तसंच झालं होतं की."

"कुणाचं?"

"बाबांचं. तू क्यू आपटलास त्या दिवशी. मला म्हणाले, पोरगी बरोबर बोलली. इस्त्री करताना हात थरथरला माझा, डावीकडे लागली नाही नीट. तिला सांगू नकोस."

बाबा!

एवढे महिने मी स्वतःला खात होते की मी खोटं बोलले. तुला खरं माहीत होतं, आणि तू बटाट्यांचं विचारलंस? का नाही सांगितलंस? हात थरथरतो हे मला कळू नये म्हणून? मी इस्त्री धरली असती ना रे. तू नुसता शेजारी उभा राहिला असतास, उद्या कुणाल राहणार आहे तसा.

मी ओरडले ते चुकलंच. सगळ्यांसमोर, आणि तेही पहिल्या शॉटनंतर. त्याचं सॉरी आज म्हणते. सॉरी, बाबा. पण तू गप्प राहिलास तेही चुकलं, आणि हे मी तुला म्हणू शकते, कारण आज सकाळी दोन फ्रेम मीही गप्प होते. ते गप्प राहणं कसं असतं ते मला आता माहीत आहे. पुन्हा नाही राहणार.

तर उद्याचं ऐक. मी आठला पोचेन. पंचा तुझाच राहील. इस्त्री डाव्या कडेने एकदा पुढे जाईल आणि कितीही शंका आली तरी मागे येणार नाही. कापड गार झालं की सगळ्यांसमोर त्याच जागेवरून एक बॉल अगदी हळू सोडेन. वाकला तर तिथेच सांगेन, पहिल्या शॉटच्या आधी. सरळ गेला तर टेबल दोघांचं, आणि मग मी माझ्या वेळेने खेळेन. दोन्ही फ्रेम जिंकायच्यात. घाई करणार नाही.

छेडाकाकांना निरोप धाडलाय, डबा घेऊन या.

तुझी,
रेवा