ताईच्या कमरेची किल्ली

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोललो की आपलं भांडण होतं आणि मुद्दा बाजूलाच राहतो, म्हणून पत्र. तुमच्या लाँड्रीतल्या बायकांनी माझा जीव नकोसा केला आहे. आमच्या आरोग्य केंद्रात लघवीची जळजळ, ताप, कंबरदुखी घेऊन येणाऱ्यांत निम्म्या तुमच्याकडच्या. दिवसभर वाफेत उभं राहायचं, घामाने निथळायचं आणि पाण्याचा घोट घ्यायचा नाही, मग दुसरं काय होणार?

आमचे साहेब म्हणाले, आरोग्याच्या बाबतीत कुणी मागे राहता कामा नये. म्हणून मी ‘पाणी प्या, निरोगी राहा’ हे पोस्टर काढलं. आमच्या ऑफिसात, बँकेत, शाळेत आणि तुमच्या लाँड्रीत सगळीकडे तेच, तेवढंच मोठं. कुठेही दुजाभाव केला नाही. तुमच्या मालकांच्या मागे लागून थंड पाण्याचं मशीनही बसवून घेतलं. ते धूळ खातंय असं कळलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

तू तिथली सुपरवायझर. तुझा शब्द कुणी खाली पडू देत नाही, मीसुद्धा नाही. जरा धाकात घे त्यांना. भाऊजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद. वैताग माझा, लोभ तुझा. दोन्ही असेच चालू राहावेत.

तुझा धाकटा भाऊ

—

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं आणि पोट धरून हसले. ह्यांचं म्हणणं, तुझ्या पोस्टरवरची बाई इतकी टवटवीत आहे की ती कधी कामाला गेली असेल असं वाटत नाही.

पण हसणं तेवढंच. सूनबाई पुन्हा तापाने पडली आहे, ही तिसरी खेप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वेळी दुखणं किडनीपर्यंत गेलंय, आणखी एकदा झालं तर कायमचं नुकसान होईल. मुलगा तोंड पाडून बसलाय. मी मात्र चिडून गेले आहे. रोज तिला बाटली भरून देते, संध्याकाळी ती तशीच भरलेली परत येते. घरी आल्या आल्या मग घटाघटा पिते. कामावर का पीत नाहीस विचारलं की कणीक मळायला घेते.

धाकाचं मला सांगू नकोस. मागच्या वर्षी कुणीतरी संडासात चिंध्या टाकल्या, सगळं तुंबलं आणि मालक माझ्यावर घसरले. तेव्हापासून दाराला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. जिला जायचं ती मागते, मी कामाची वेळ बघून देते. त्यानंतर एकदाही तुंबलेला नाही. सूनही तिथे माझ्याच हाताखाली, पण माझी म्हणून तिला सवलत, असलं मला चालत नाही. उलट तिलाच दोनदा विचारते, आत्ताच जायला हवं का, म्हणजे कुणी नाव ठेवायला नको.

तू ये आणि त्या सगळ्यांना चार शब्द सुनाव. शिकल्या-सवरल्या माणसाचं तरी ऐकतील. रात्रीची जाग्रणं करू नकोस. माया आहेच, लिहून काय दाखवायची.

तुझी ताई

—

ता. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा मी भाषण अर्धवट टाकून पळालो म्हणून तू फणफणते आहेस, असं भाऊजी म्हणाले. ऑफिसात काम निघालं हे मी सांगितलं ते खोटं होतं. खरं सांगतो, हसू नकोस.

पाणी प्यायला काही कष्ट पडत नाहीत हे दाखवायला मी सगळ्यांसमोर लागोपाठ तीन ग्लास रिचवले. वर तू चहा पाजलास. थोड्या वेळाने मी काय बोलतोय इकडे माझंच लक्ष राहिना. तुमच्याकडे संडास एकच, त्याला कुलूप, किल्ली तुझ्या कमरेला आणि लाँड्रीभर बायका माझ्याकडे बघताहेत. तुझ्यापर्यंत जायचं, किल्ली मागायची आणि तू सगळ्यांदेखत विचारणार, आत्ताच जायला हवं का. ताई, मी पन्नाशीला आलो. लहानपणी मला चड्डी घालायला तूच शिकवलंस. तरी माझी जीभ रेटली नाही.

बसमध्ये काय हाल झाले ते लिहीत नाही. ऑफिसात धावत शिरलो तर समोर माझंच पोस्टर, आणि त्याच्या शेजारी संडासाचं दार, उघडं. इथे त्या पोस्टरला अर्थ आहे. तुमच्याकडे तेच पोस्टर म्हणजे नुसता टोमणा. सगळीकडे सारखं लावलं म्हणजे सगळ्यांना सारखं मिळालं, असं मी धरून चाललो होतो. अक्कल शेण खायला गेली होती माझी.

मला मागवेना, तिथे तुझी सून कशी मागणार? घरी सासू तू, तिथे सुपरवायझरही तूच. बाटली भरून देतेस तूच आणि ती प्यायची भीती वाटते तीही तुझ्यामुळेच. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तिच्या किडनीपेक्षा तुझा राग परवडला. किल्लीचं काहीतरी कर. रागावलीस तरी भाऊ मीच राहणार, तेवढं ध्यानात असू दे.

तुझा धाकटा भाऊ

—

ता. २६ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद मनात आहेत, लिहीत नाही.

म्हणजे माझ्या सुनेला मी आजारी पाडलं. चांगले पांग फेडलेस. तुंबलं तेव्हा साफ कुणी केलं होतं, ते कुणी विचारत नाही. तुझं पत्र ह्यांना वाचायला दिलं, तर वाचून घडी घालून माझ्या हातात परत दिलं. हसले असते तर बरं झालं असतं.

तुझं ते पोस्टर येऊन उतरवून ने.

ताई

—

ता. ९ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

सूनबाई सोमवारपासून कामावर येते आहे. पहिल्या दिवशी मी मुद्दाम तिच्यावर नजर ठेवली. दुपारी चादरींची चळत सोडून ती माझ्या दिशेने निघाली, माझ्या कमरेकडे बघितलं आणि मागे वळून पुन्हा घड्या घालू लागली. मी हाक मारून काय हवं विचारलं. म्हणाली, काही नाही, सुपरवायझरबाई. घरी ती मला आई म्हणते. मला कसंसंच झालं.

त्याच संध्याकाळी सुताराला बोलावलं, बाहेरचं कुलूप काढून टाकलं आणि आतून कडी लावून घेतली. मालक ओरडले. मी म्हटलं, पुन्हा तुंबला तर मी निस्तरीन, मागेही मीच निस्तरलं होतं. तुझं पोस्टर आता त्या दाराशेजारी लावलंय. काढताना कोपरा फाटला, दुसरं पाठव, आणि जमलं तर त्यावर घाम आलेली बाई काढ.

काल सूनबाईची बाटली घासायला घेतली, ती रिकामी होती.

मी चुकले असं मी म्हणत नाही, ह्यांनाही तसं बजावून ठेवलंय. किल्ली या पाकिटातून पाठवते आहे. इथे राहिली तर मी ते कुलूप पुन्हा लावीन, मला माझा स्वभाव माहीत आहे. मागितली तरी परत देऊ नकोस. कितीही चिडले तरी नाही.

तुझी ताई