रुपल्याचं उष्टं

भाद्रपद शुद्ध द्वादशी, शके १८५३

पोचलो एकदाचे. सकाळी लोणावळ्याच्या तबेल्यातून निघालो आणि तुंगार्लीचं तळं मागं टाकून उन्हं चढायच्या आत सरकारी रानात आलो. पुढं भिमाजी, मधे घोडे, त्यांच्या मागं मारुती आणि सगळ्यांच्या मागं मी, डोक्यावर पातेली घेऊन. मारुती म्हणाला, घोड्यांची वरात लय बघितली, पण करवली मागनं पातेली वाजवत येते हे नवीनच. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

पावसाळ्यात बंगल्यांवर कोणी येत नाही, घोड्यांवर बसायला गिऱ्हाईक नसतं. म्हणून शेठ दर साली चराईचा परवाना काढून घोडे रानात पाठवतात, ते दसऱ्याला परत आणतात. सोबत घोड्यांची निगा राखायला दोन मोतद्दार, यंदा भिमाजी आणि मारुती, आणि रांधायला एक बाई. हे काम मी मागून घेतलं. आमचे हे याच शेठकडे मोतद्दार होते. गेल्या साली याच तळावर, पितृपंधरवड्यात, तापाने गेले. घरी परंदवडीला आणलं तेव्हा तोंड झाकलेलं होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. दिरांनी शब्द दिले, मी दिले, भाऊबंद उन्हात उभे राहून कंटाळले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला बसले. माझ्या घशाखाली घास उतरला नाही. त्यांचं काहीतरी राहून गेलं आहे आणि काय ते मला माहीत नाही. माणूस अधांतरी ठेवून मी सुखाने कशी जेवू? षष्ठीला त्यांची तिथी. जीव जिथं गेला तिथंच पान ठेवायचं, एवढ्यासाठी मी आले आहे.

माझी राहुटी चुलीजवळ. समोर सपाट खडक, पलीकडे ओढा. गवत कमरेएवढं आणि ओलं. घोड्यांच्या अंगाला जो वास आहे तो त्यांच्या सदऱ्याला यायचा. बरं वाटलं.

भाद्रपद शुद्ध चतुर्दशी

दिवस कामात जातो. सकाळी भाकऱ्या, मग घोड्यांच्या चंदीचे चणे भिजवायचे, दुपारी आमटी-भात. भिमाजी आणि मारुती खरारा करतात, खूर बघतात. भिमाजी वयाने मोठा, कमी बोलतो, मला वहिनी म्हणतो. मारुतीचं तोंड बंद नसतं. वाण्याच्या पुड्यांचे कागद जुळवून मी वाचायला शिकले हे त्याला कळल्यापासून तो मला मास्तरीण म्हणतो. जंगलखात्याची पाटी माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाला, चूल पेटवायची न्हाई असं लिवलं आसंल तर वाचू नको.

रुपल्या हा आमच्या यांच्या हातचा घोडा. पांढुरका, गरीब, बंगल्यांवरच्या मुलांचा लाडका. आज त्याच्या नाकातून रक्त येत होतं. ओढ्याचं पाणी पिताना जळू शिरलेली. भिमाजीने तंबाखूचं पाणी नाकात सोडलं. जळू बाहेर पडली ती अंगठ्याएवढी, तट्ट फुगलेली, दगडावर पडून फुटली. मारुतीने तोंड फिरवलं. मला किळस लवकर येत नाही. सासूचं शेवटचं वर्ष मी काढलं आहे. अंथरुणात पडून तिच्या अंगाला पडलेली भोकं धुतली आहेत. दगडावर राख टाकून मी भाकऱ्या थापायला बसले.

वरच्या वाडीची सारजाबाई मोळी घेऊन आली. तिथीचं सांगितलं तर म्हणाली, इथं कावळा नाही. कावळा माणसाच्या खरकट्यावर जगतो, हितं कुटं आलंय खरकटं. डोमकावळा येतो, पण तो मेलेल्या जनावरावर.

मी म्हटलं, त्यांच्यासाठी येईल.

भाद्रपद वद्य षष्ठी

आज तिथी. वडे, खीर, भात, आमटी, भोपळ्याची भाजी, अळूची भाजी. मारुतीने वाडीतून दूध आणून दिलं. पळसाच्या पत्रावळीवर सगळं वाढून सपाट खडकावर ठेवलं आणि बाजूला हात जोडून उभी राहिले. एकेक शब्द देत गेले. दिरांशी भांडणार नाही. तुमची बहीण माहेराला येईल ती रिकामी जाणार नाही. रुपल्याकडे लक्ष ठेवीन. झाडावर पान हललं नाही.

ऊन कललं. शेवटी म्हटलं, तुमचं जे काही राहिलं असेल ते मी पुरं करीन, काय ते विचारणार नाही.

तेवढ्यात मागून श्वास आला. रुपल्या मागच्या पायांची पिछाडी तोडून आला होता. माझ्या खांद्यावरून मान काढून त्याने पानात तोंड घातलं. भात, वडे, खीर, सगळं खाल्लं, पत्रावळसुद्धा चाटली. मी त्याला हाकललं नाही. मला वाटलं, आता दुसरं कोण असणार?

मारुती म्हणाला, घोड्याला पंख फुटले वाटतं. भिमाजी मात्र रागावला. कावळा शिवत नसेल तर पान गाईला घालावं, नाहीतर पाण्यात सोडावं. घोड्याला घालायची रीत कुठली, आणि तीही असा शब्द देऊन? मी म्हटलं, ज्याचं होतं त्याला पोचलं.

भाद्रपद वद्य सप्तमी

रात्री गाढ झोप लागली. वर्षात पहिल्यांदा.

रुपल्या चरायला गेला नाही. चुलीसमोर उभा आहे. चंदीचा तोबरा तोंडाला बांधला तर मान झटकून पाडला. भाकरी दिली ती खाल्ली. हसू आलं. म्हटलं, आता माझ्या हातचंच पाहिजे का?

भाद्रपद वद्य अष्टमी

सकाळी राहुटीचा पडदा बाजूला केला तर खडकावर भाताचा गोळा. पिवळट, बुळबुळीत, वर फेस. खाली पळसाचं पान.

मारुतीची चेष्टा वाटली. भिमाजीला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, ओकारीसारखं दिसतंय, पण कुत्र्याची असेल. घोडा ओकत नाही. पोटशुळाने मरतो, पण ओकू शकत नाही, त्याची घडणच तशी आहे.

मी राखेने खडक घासला. बोटांना वेलदोड्याचा वास लागला. खिरीत घातलेला. त्याच्या खाली दुसरा वास, नासलेल्या दाढेचा.

भाद्रपद वद्य नवमी

पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं, दिवसाउजेडी.

रुपल्या खडकाशी आला, तोंडातलं पळसाचं पान खडकावर ठेवलं. मान लांब केली. मानेच्या मुळातून एक गोळा वर चढू लागला, थांबत थांबत, कातडीखालून हाताने ढकलावा तसा. तोंड उघडलं. जोर नाही, उबळ नाही. जीभ बाहेर काढून तिच्यावरून सगळं पानावर उतरवलं आणि ओठांनी नीट लावलं. मग मागं सरकून माझ्याकडे बघत उभा राहिला.

पानात भात एका कडेला होता. आमटी अर्धी. वड्याचा अर्धा तुकडा भाताला टेकवून ठेवलेला, चावलेल्या कडेला लाळेची तार. हिरवी माशी येऊन बसली.

हे मांडणं मी ओळखते.

लग्न झाल्यापासून मी त्यांच्या पानात जेवले. आमच्याकडे बायका तशाच जेवतात, नवरा उठला की त्याच ताटात वाढून घ्यायचं. बऱ्याच घरी ताटात काट्याकुट्याखेरीज काही उरत नाही. हे तसे नव्हते. चांगलं काही असलं की अर्धं ठेवायचे, भाताला टेकवून, म्हणजे आमटीत भिजू नये. बोलून कधी दाखवलं नाही. मीही कधी नाही. आमच्यात प्रेमाचं म्हणावं तर तेवढंच होतं.

ते आता असं माझ्यासमोर आलं, आणि मला उलटी झाली.

भाद्रपद वद्य दशमी

भिमाजीनेही पाहिलं. तो खाली बसला. मग रुपल्याला ओढ्यापलीकडे नेऊन दुहेरी दोराने बांधलं. दुपारी तो परत चुलीसमोर. दोर चावलेला, हिरड्यांतून रक्त, दातांत काथ्या अडकलेला.

मी रांधते ते खातो आणि सगळंच्या सगळं पानावर ठेवतो. पोटात काही राहू देत नाही. बरगड्या दिसायला लागल्या आहेत. बाकीचे घोडे त्याच्या बाजूचं गवत खात नाहीत.

मारुती माझ्या हातचं जेवत नाही. म्हणतो, पोट बरं न्हाई. चेष्टा थांबली आहे.

भाद्रपद वद्य एकादशी

सारजाबाई आली. नाकाला पदर लावून तिने पान बघितलं, मग मला. म्हणाली, "त्यो जेवला, तू बसलीच न्हाईस. पान उचललं न्हाई तर माणूस पंगतीतनं उठंल कसा? तूच शबूद दिलास, बये."

मी म्हटलं, तू बसशील का असल्या पानावर?

म्हणाली, माझ्या दादल्यानं जित्तेपणी तरी काय ठिवलं हुतं. मोळी टाकून गेली. उद्यापासून येणार नाही म्हणाली.

राहिलं होतं ते हे. तापात एकटे जेवले असतील इथं आणि अर्धं ठेवलं असेल. त्या पानावर बसायला मी नव्हते.

भाद्रपद वद्य द्वादशी

फसवायला गेले. पान उचललं, पदराआड तोंड हलवलं, ओढ्यात सोडलं, हात धुतले. म्हटलं, जेवले, आता उठा.

तो मान वाकडी करून बघत राहिला. मग पुन्हा मान लांब केली. या खेपेला अन्न नव्हतं. गुलबट पातळ कातडी, तिच्यात लहान पांढऱ्या आळ्या. त्याच्याच आतलं. तेही नीट मांडलं, चांगला भाग माझ्याकडे करून.

घोडे बिथरले आहेत, चरत नाहीत. भिमाजी आणि मारुती त्यांना घेऊन खाली जात आहेत. भिमाजी म्हणाला, वहिनी, चला, ह्यो आता त्यो घोडा न्हाई. रुपल्याला चालवत नाही, म्हणून तो इथंच. मी म्हटलं, मी थांबते. तो रडवेला झाला. अमावस्येच्या आत जनावरांचा डॉक्टर घेऊन येतो म्हणाला.

हे पुन्हा अधांतरी मेले तर—दोनदा कोणी मरू नये.

भाद्रपद वद्य त्रयोदशी

रुपल्या बसला. घोडा बसतो तसा नाही, माणूस पाटावर बसतो तसा, पुढचे पाय दुमडून, पानासमोर. पानात परत अर्धा वडा आला होता.

वास कपड्यांत आहे. पाण्यात आहे. मी दोन दिवस जेवले नाही, आणि भूक लागते—हेच किळसवाणं, भूक लागते.

एक बोट लावलं. जिभेला नाही. ओठाला.

भाद्रपद वद्य चतुर्दशी

बसले. त्यांच्या बाजूला, नेहमीच्या जागी.

पहिला घास कोमट होता. दाताखाली काहीतरी मऊ फुटलं. नाक दाबलं नाही. दाबलं असतं तर त्यांना दिसलं असतं. गिळलं. परत आलं, परत गिळलं. वेलदोडा, तंबाखू, रक्त—

वडा शेवटी खाल्ला. पान चाटून पुसून—

त्यांनी मान माझ्या मांडीवर ठेवली. हिरड्यांतून आळी माझ्या लुगड्यावर पडली. मी ती उचलून पानात—नाही. खाल्ली.

पान उचललं. उठा म्हटलं.

सर्वपित्री अमावस्या

रुपल्या गेला. उजाडल्यावर, शांतपणे. डोमकावळा आला. त्याच्या पाठीवर बसला नाही, आधी पानाला शिवला. मी पाहिलं. सुटले ते.

भूक लागली आहे.

स्वच्छ भात केला. खाल्ला. राहिला नाही. ओकारी नव्हे—सावकाश, गळ्यातून गोळा चढत आला, आणि माझे हात पानाखाली गेले. नीट लावला. एका कडेला.

मी त्यांच्या मागून जेवले. माझ्या मागून कोण? बाईच्या उष्ट्यात कोणी जेवत नाही. पंगत माझ्यापाशी संपते. संपायला पाहिजे. संपत नाही—पान तसंच समोर, आणि मला उठता येत नाही—

ओढ्यापलीकडून भिमाजीची हाक. वहिनी, हायसा का. एकटाच दिसतो. डॉक्टर नाही मिळाला वाटतं. चढून आला आहे, सकाळपासून उपाशी असेल.

त्याला ओरडून परत पाठवावं. तोंड उघडलं तर गोळा—

लाज वाटते. हात थांबत नाहीत. पान खडकावर ठेवलं आहे. वास येऊ नये म्हणून वर गरम भात पसरते आहे, तो पाय धुतो आहे, हसतो आहे, म्हणतो, लय भूक—