बाबांची फ्लॉपी

प्रिय दादा,

आपला जुना कॉम्प्युटर आज चालू झाला. फुगलेले कपॅसिटर मी स्वतः बदलले. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी लिहिलेलं पुस्तक जिच्यात होतं ती फ्लॉपी मी आत सरकवली. तू ती पुसलीस असं समजून त्यांनी तुला घराबाहेर काढलं, त्याला बावीस वर्षं झाली.

पडद्यावर एकच फाइल आली, 'चिमणी' नावाची. माझा गेम. कोरी समजून मीच ती फ्लॉपी फॉरमॅट केली होती, आणि तुला बोलणी बसत असताना दाराआड गप्प उभी होते.

बाबांची नजर आता अधू झाली आहे. "काय लिहिलंय गं?"

"बुरशी लागलीय, बाबा. वाचता येत नाही."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "म्हणजे फ्लॉपीच नासकी होती. आणि मी पोराला उगाच... त्याचा नंबर दे बघू."

"शोधते," म्हणून मी आतल्या खोलीत आले, ती हे लिहीत बसले. तुला बुरशीची थाप पटायची नाही. तू खोदून खोदून विचारशील.

बाबा बाहेरून तिसऱ्यांदा विचारतायत, "सापडला का गं?"

तुझा नंबर मला तोंडपाठ आहे, दादा.

तुझी धाकटी